कारवानीला केस कमी, म्हणून काळजी कमी नाही

‘आखूड केसांचं कुत्रं, त्याला काय लागतं? महिन्याला एक आंघोळ घातली की झालं.’ कारवानी, म्हणजे मुधोळ हाउंड, घरी आणताना बहुतेकांच्या मनात हेच असतं. केस विंचरण्याचा व्याप नाही हे खरं. पण लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्डला केसांचा दाट थर आणि त्याखालची चरबी जे संरक्षण देते, ते कारवानीकडे मुळातच नाही. कातडी पातळ, चरबी नावाला, हाडं वरच्यावर. त्यामुळे केसांचे कष्ट वाचतात आणि ते सगळे कातडी, पंजे, नखं आणि कान यांच्याकडे वळतात. या जातीला महागडं ग्रूमिंग लागत नाही. रोज अंगावरून फिरणारा, शोधक हात लागतो.

नर खांद्याशी 68 ते 72 सेंटीमीटर, मादी 64 ते 68, वजन साधारण 22 ते 28 किलो. छाती खोल, पोट आत गेलेलं, मान लांब, डोकं अरुंद. वासावर नाही, नजरेवर शिकार हेरून धावणारी ही जात, म्हणजेच साइटहाउंड. कर्नाटकातल्या मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ती जपली, 2005 साली टपाल तिकिटावरही ती आली. इंदूरसारख्या शहरात, वाड्यातून फ्लॅटमध्ये आलेल्या घरांत ती आता दिसू लागली आहे. तिची रचना धावण्यासाठी आहे आणि आपण तिला फरशीवर ठेवतो, पुढच्या निम्म्या तक्रारी यातूनच येतात.

रोजच्या तपासणीची वेळ संध्याकाळच्या फिरण्यानंतरची ठेवा. पाच-सात मिनिटं पुरतात. कुत्र्याला घसरणार नाही अशा सतरंजीवर किंवा रबरी मॅटवर उभं करा. गुळगुळीत टाइल्सवर ते पाय ताठ धरतं आणि मग कुठेच नीट हात लावू देत नाही. थूथनापासून सुरुवात करा: ओठ उचलून हिरड्या बघा, निरोगी हिरडी गुलाबी असते आणि बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांत रंग परत येतो. हा रंग तब्येत उत्तम असताना रोज पाहिलेला असेल तरच आजारपणातला फिकटपणा ओळखू येतो. पुढे कानाच्या पाळीची आतली बाजू, पट्ट्याखालची मान, काखा, छातीचा खालचा भाग, मांडीची आतली बाजू, शेपटीचं मूळ, आणि सगळ्यात शेवटी चारही पंज्यांतली बोटं एकेक करून फाकवून. डोळ्यांनी नाही, बोटांच्या टोकांनी शोधायचं. गाठ, खपली, गरम जागा, ओलसरपणा हे आधी बोटाला कळतं.

आठवड्यातून दोनदा खरारा. रबरी हातमोजा किंवा मऊ रबरी ब्रश घ्या, केसांच्या दिशेने लांब हात मारा. मानेवर, पाठीवर, मांडीच्या मांसल भागावर थोडा जोर चालतो. बरगड्या, नितंबाची हाडं आणि कोपरं यांवर जोर नको. दुकानदार तारांचा ब्रश किंवा पात्याची फणी दाखवेल. दोन्ही नको, दाट केसांच्या कुत्र्यांसाठीची ती अवजारं या कातडीवर ओरखडे काढतात. पश्मी प्रकाराला कान, पाय आणि शेपटीवर लांब झालरी असतात. तिथे मात्र स्टीलची रुंद दातांची फणी हवी, आणि गाठ ओढायची नाही, बोटांनी सोडवायची.

आंघोळ पाच-सहा आठवड्यांतून एकदा, कोमट पाण्याने, कुत्र्यांच्याच शाम्पूने. आपला शाम्पू आपल्या आम्लधर्मी त्वचेसाठी असतो. कुत्र्याची त्वचा जवळपास उदासीन असते, त्यामुळे तो वापरला की कोरडेपणा, कोंडा आणि खाज. बोरिंगचं जड पाणी असेल तर शेवटची धार तरी नर्मदेच्या नळाच्या पाण्याची द्या. शाम्पू पाच-सात मिनिटं ठेवून नीट धुवा. काखेत राहिलेला फेस हाच पुढे ‘अ‍ॅलर्जी’ म्हणून डॉक्टरांकडे जातो.

आता पंजे. इथे थोडं थांबून लिहायला हवं, कारण माळव्यात या जातीचे निम्मे प्रश्न पायांपासून सुरू होतात.

पावसाळ्यात काळी माती बोटांच्या मधल्या पडद्यात चिकटते, वाळते आणि गोळी होते. ती गोळी प्रत्येक पावलाला आतून घासते, कातडी भेगाळते, मग त्यात बुरशी. कुत्रं पाय चाटायला लागतं, चाटून केस तांबूस दिसतात, ओलावा आणखी वाढतो आणि चक्र सुरू राहतं. म्हणून जून ते सप्टेंबर बाहेरून आल्यावर पाय नुसते पुसू नका. उथळ टबात कोमट पाणी घेऊन एकेक पंजा बुडवा, बोटांमधली माती भिजू द्या, अंगठ्याने हलकेच सोडवा आणि सुती फडक्याने प्रत्येक बोटाची फट कोरडी करा. वाळवणं हे धुण्यापेक्षा महत्त्वाचं आहे. नीट वाळवता येणार नसेल तर त्या दिवशी न धुता ओल्या फडक्याने पुसलेलं बरं. टाल्कम पावडर भुरभुरवू नका, ओल्या फटीत तिचा लगदा होतो आणि माती परवडली म्हणायची वेळ येते.

मुधोळची जमीनही काळीच, मग तिथल्या कुत्र्यांना हा त्रास का नाही, असं कुणी विचारेल. शेतावरचं कुत्रं पिल्लू असल्यापासून ढेकळांवर, खडीवर चालतं, त्याचे तळवे घट्ट होतात आणि नखं आपोआप झिजतात. तिसऱ्या मजल्यावर वाढलेल्या कारवानीचे तळवे मऊ असतात. तिला रविवारी एकदम शहराबाहेर राऊकडच्या शेतात मोकळं सोडलं तर ती पहिल्याच धावेत तळवा सोलून घेते. आधी महिनाभर रोज पंधरा-वीस मिनिटं कच्च्या रस्त्यावर चालवा, मग मोकळं धावणं.

पाऊस संपला की दुसरा शत्रू. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन कापलं की शेतात कडक, टोकदार खुंटं उरतात. भरधाव धावणाऱ्या कुत्र्याच्या तळव्यात आणि छातीत ती घुसतात. कापणी झालेल्या शेतात सोडू नका, नांगरट झाल्यावर सोडा. त्याच सुमारास गवतं वाळून कुसळ पडू लागतं. कुसळाला उलटे बारीक केस असतात, त्यामुळे ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. बोटांच्या फटीतून शिरलं की काही दिवसांत वर फुगीर, लालसर गाठ येते, ती फुटून पू येतो, बरी झाल्यासारखी दिसते आणि पुन्हा येते. प्रतिजैविकांनी ती तात्पुरती दबते, कुसळ बाहेर निघाल्याशिवाय संपत नाही. एकाच जागी दोनदा गाठ आली तर डॉक्टरांना ‘आत कुसळ असेल का’ असं स्पष्ट विचारा. फिरून आल्यावर कुत्रं एकाएकी डोकं एका बाजूला कलतं करून जोरजोरात झटकायला लागलं, तर कुसळ कानात गेलेलं असण्याची शक्यता मोठी. तेल घालू नका, कापसाची काडी घालू नका, त्याच दिवशी दाखवा. उशीर झाला तर ते कानाच्या पडद्यापर्यंत जातं.

नखं दर दोन आठवड्यांनी. फरशीवर चालताना टकटक आवाज येतो म्हणजे ती आधीच लांब झाली आहेत. धावणाऱ्या कुत्र्यात लांब नखाचा परिणाम नखापुरता राहत नाही: बोटं वर ढकलली जातात, पंजा पसरतो, आणि वळताना नख अडकून मुळापासून उखडतं. कारवानीची नखं बहुतेक वेळा काळी असतात, आतली रक्तवाहिनी दिसत नाही. म्हणून एका फटक्यात कापायचं नाही. पकडीसारखं नेलकटर घेऊन दीड-दोन मिलिमीटरच्या चकत्या काढत जा आणि प्रत्येक चकतीनंतर कापलेला भाग समोरून बघा. आधी तो पांढुरका, कोरडा, भुसभुशीत दिसतो. मध्यभागी काळा, ओलसर ठिपका दिसला की थांबा. फार वाढलेली नखं एका दिवसात आखूड होत नाहीत, कारण नखाबरोबर आतली वाहिनीही लांबलेली असते. दर चार-पाच दिवसांनी टोकाची एक चकती काढत राहिलं की वाहिनी मागे सरते. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूचं वरचं नख जमिनीला टेकतच नाही, ते विसरलं जातं आणि वळून मांसात रुततं. रक्त आलंच तर तुरटीची पूड किंवा कॉर्नफ्लोअर बोटाने दाबून तीन-चार मिनिटं धरा, मध्ये मध्ये उचलून बघू नका.

गोचिडींबद्दल. इंदूरमध्ये कडक थंडीचे काही आठवडे सोडले तर त्या वर्षभर असतात, उन्हाळा-पावसाळ्यात जास्त. आखूड केसांवर त्या लगेच दिसतील असं वाटतं. पूर्ण वाढलेल्या दिसतात, पण मोहरीच्या दाण्याहून लहान पिल्लं बोटांच्या फटीत आणि कानाच्या घडीत लपतात. चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरा आणि सरळ, सावकाश ओढा. पिळू नका, रॉकेल लावू नका, काडीचा चटका तर मुळीच देऊ नका. भडकलेली गोचीड पोटातलं परत रक्तात सोडते, आणि त्यातून रोगाचा धोका वाढतो. काढलेली गोचीड चिरडू नका, साबणाच्या पाण्याच्या बाटलीत टाका.

कुत्र्यावरच्या गोचिडी मारून भागत नाही. मादी रक्त पिऊन फुगली की खाली पडते आणि भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीमागे, जिन्याखाली हजारो अंडी घालते. तेव्हा फटी बुजवा, कुत्र्याची गादी आठवड्याला कडक उन्हात टाका आणि तिचं कव्हर गरम पाण्यात धुवा. कुत्र्याला डॉक्टरांच्या सल्ल्याने वजनाप्रमाणे गोळी द्या: अफोक्सोलॅनरची दर महिन्याला, फ्लुरालॅनरची साधारण बारा आठवड्यांनी. पूर्वी फिट आलेली असेल तर ते आधी सांगा, या गटातली औषधं अशा कुत्र्यांना जपून देतात. गाई-म्हशींचं गोचिडनाशक अंदाजाने बादलीत कालवून अंगावर ओतण्याची पद्धत अजून सर्रास आहे. तिला माझा ठाम विरोध आहे. पातळ कातडी आणि चाटण्याची सवय या दोन्हींमुळे विष पोटात जातं.

गोचिडींमुळे एर्लिकिया आणि बबेसिया हे दोन ताप येतात. जेवण सोडणं, ताप, सुस्ती, हिरड्या फिकट पडणं, नाकातून रक्त, लघवीचा रंग गडद चहासारखा होणं, यातलं एकही दिसलं तर ‘उद्या बघू’ म्हणू नका. रक्ताची तपासणी त्याच दिवशी.

जखमांकडे येऊ. काटेरी तार, बाभळीची फांदी, दुसऱ्या कुत्र्याचा दात, यांनी कारवानीची कातडी कागदासारखी फाटते. बऱ्याचदा रक्त कमी येतं आणि फाटलेला भाग मोठा असतो, त्यामुळे घरच्यांना तो किरकोळ वाटतो. उकळून कोमट केलेल्या एका लिटर पाण्यात सपाट दीड छोटा चमचा मीठ घालून त्या पाण्याची धार सोडा, स्वच्छ ओलं फडकं ठेवा आणि टाके पडण्यासाठी न्या, शक्य तर सहा-आठ तासांच्या आत. हळद भरू नका. हळदीवर आपली श्रद्धा आहे हे मान्य, पण चिकटलेल्या हळदीचा थर आधी खरवडावा लागतो, तोवर कडा सुकतात आणि टाके नीट बसत नाहीत. हायड्रोजन पेरॉक्साइडही नको, ते नव्या पेशी मारतं.

कोपरांवर काळे, जाड घट्टे दिसू लागले तर बिछाना बदलायची वेळ झाली. कोटा फरशीवर सतत बसून तिथे पाण्याची मऊ गाठ होते. सुईने पाणी काढण्याचा हट्ट धरू नका, ते पुन्हा भरतं आणि जंतू शिरतात. चार इंच जाडीची घट्ट गादी द्या. पंख्याखाली, भिंतीपासून थोडी दूर, कारण शेपटीचं टोक सारखं भिंतीवर आपटून फुटलं की ते बरं व्हायला महिने जातात.

कान दोन आठवड्यांनी, कुत्र्यांच्या कानाच्या द्रावणाने. कान भरा, बुडाशी हलकं चोळा, कुत्र्याला डोकं झटकू द्या, बाहेर आलेलं कापसाने टिपा. आंबट वास किंवा तपकिरी मळ म्हणजे बहुधा बुरशी. दात रोज, निदान दिवसाआड, बोटावर चढवायच्या मऊ ब्रशने आणि कुत्र्यांच्याच पेस्टने. आपल्या पेस्टमधला फेस आणि फ्लोराइड ते गिळतं, आणि झायलिटॉल (गोडीसाठी घालतात तो पदार्थ) असेल तर ते विषारीच. शिजवलेलं हाड देऊ नका, त्याच्या चिरफळ्या होतात.

खाण्यावर वाद होतात. कारवानीच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसायलाच हव्यात. शेजारी ‘उपाशी ठेवता का?’ म्हणतील, म्हणू द्या. तिला गुबगुबीत करणं म्हणजे सांध्यांवर आणि हृदयावर ओझं. 25 किलोच्या, रोज तासभर फिरणाऱ्या प्रौढ कुत्र्याला साधारण 1300 उष्मांक पुरतात. कोरडं खाद्य असेल तर सुमारे 350 ग्रॅम. घरचं असेल तर साडेतीनशे ग्रॅम बिनहाडाचं चिकन, दोन उकडलेली अंडी, दोन वाट्या मऊ भात, एक ज्वारीची भाकरी, थोडा दुधी किंवा भोपळा, एक मोठा चमचा तेल, असा अंदाज धरा आणि दर पंधरवड्याला बरगड्यांवरून हात फिरवून कमी-जास्त करा. घरच्या जेवणात कॅल्शियम हमखास कमी पडतं. अंड्याच्या टरफलाची बारीक पूड रोज पाऊण छोटा चमचा घाला. वाढत्या पिल्लासाठी मात्र हा अंदाज चालत नाही, तिथे डॉक्टरांकडून मोजून घ्या. नुसत्या दूध-भाकरीवर हे कुत्रं जगतं, पण स्नायू धरत नाही. घर शाकाहारी असेल तर तयार खाद्याचा मार्ग सोपा आणि प्रामाणिक.

सकाळच्या पोह्यांतला घास देण्याचा मोह आवरा. कांदा रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतो, थोडा थोडा रोज गेला तरी. शिऱ्यातले बेदाणे मूत्रपिंडाला घातक. शेव आणि जिलेबीबद्दल वेगळं सांगायला नको.

जेवण दोन भागांत द्या, एका वेळी भरपेट नाही. जेवणाआधी एक तास आणि नंतर दोन तास धावणं नको. खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ बसतो. पोट ढोलासारखं ताणलेलं, ओकाऱ्या काढतंय पण काही पडत नाही, लाळ गळतेय, एका जागी बसत नाही, अशी लक्षणं दिसली की घरगुती इनो-ओव्यात एक मिनिटही घालवू नका. हा काही तासांत जीव घेणारा प्रकार आहे. रात्री शस्त्रक्रिया करणारा दवाखाना शहरात कोणता, हे आधीच विचारून ठेवा. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या वेळाही टिपून ठेवा.

एप्रिल-मेमध्ये फिरणं सकाळी साडेसहाच्या आत आणि रात्री आठनंतर. डांबरावर हाताचा तळवा उलटा ठेवून सात सेकंद धरता आला नाही तर कुत्र्यालाही तो रस्ता नको. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 38 ते 39.2 अंश सेल्सिअस. उष्माघातात ते 41 च्या वर जातं. तेव्हा साधं नळाचं पाणी अंगभर ओतत राहा, पंखा लावा, 39.5 वर आलं की थांबा आणि दवाखान्यात न्या. उलट डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की ती उभ्याउभ्या थरथरते. चरबी नाही, थरथरणारच. छाती आणि पोट झाकणारी जाड सुती झूल शिवून घ्या, लोकरीची काखेत घासते. झूल रोज काढून आत हात फिरवा.

पट्टा दीड-दोन इंच रुंद, ओढल्यावर मर्यादेपर्यंतच आवळणारा मार्टिंगेल प्रकारचा. डोकं मानेपेक्षा अरुंद असल्याने साधा पट्टा मांजर दिसताच निसटतो, आणि इंदूरच्या रेसिडेन्सी भागातल्या रस्त्यावर निसटलेली कारवानी हाकेला ओ देत नाही, नजर पुढे लागलेली असते. मोकळं सोडायचं ते कुंपण असलेल्या जागेतच. हरणं, ससे, नीलगायी यांच्यामागे सोडणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा ठरतो, आणि तो व्हायला नकोच.

रंगपंचमीला इंदूरची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, राजवाड्यावरून निघते, पण रंग गल्लीगल्लीत उडतो. आदल्या रात्री अंगाला खोबरेल तेलाचा पातळ हात द्या. रंग पडलाच तर आधी कोरडा झटका, मग धुवा. ओला केला की तो पातळ कातडीत मुरतो.

शेवटची गोष्ट डॉक्टरांकडच्या फाइलची. ग्रेहाउंडसारख्या धावणाऱ्या जातींत निरोगी असतानाही तांबड्या पेशींचं प्रमाण जास्त, प्लेटलेट्स आणि थायरॉइडचा आकडा कमी असतो. कारवानी त्याच धाटणीची. म्हणून दोन वर्षांची झाली की तब्येत ठणठणीत असताना एकदा पूर्ण रक्ततपासणी करून ठेवा, पुढच्या आजारपणात डॉक्टरांना तुलना तिच्याशीच करता येईल. आणि कोणत्याही शस्त्रक्रियेआधी भूल कशाची देणार हे विचारा. थायोपेंटोन हे भुलीचं औषध या गटातल्या कुत्र्यांच्या अंगातून उतरायला फार वेळ लागतो, त्यामुळे प्रोपोफॉल आणि वायूची भूल असलेला दवाखाना निवडा. टेबलावर आणि शुद्धीवर येईपर्यंत अंगाखाली गरम पांघरूण ठेवायला सांगा. फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहा: साइटहाउंड, वजन इतकं, थायोपेंटोन नको.